घोटाघोटाचं टाइमटेबल

आमच्या वऱ्हाडात कुणाच्याही घरी जा. चपला काढायच्या आत हातात पाण्याचा ग्लास येतो. चहाचं नंतर बघू, आधी पाणी! आणि मे महिन्यात तर विचारूच नका. बाहेर पारा ४५ च्या घरात, कूलरची घरघर चालू, माठात वाळा टाकलेला आणि समोर स्टीलचा काठोकाठ भरलेला ग्लास. तो एका दमात रिकामा करायचा आणि ‘हाऽऽ’ असा आवाज काढायचा. त्याशिवाय यजमानांना पाहुणा पोचल्यासारखं वाटतच नाही!

आता जरा कल्पना करा. एखाद्याला तो ग्लास एका दमात पिताच येत नाही. ग्लास कसला, अर्धा कपही नाही. तहान आहे, पाणी समोर आहे, ऊन मी म्हणतंय आणि शरीर सांगतंय, ‘बॉस, फक्त दोन चमचे!’

वजन कमी करायची सर्जरी, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी झालेल्यांचे पहिले काही आठवडे हे असेच जातात. या सर्जरीबद्दल आपण ढीगभर बोलतो. खर्च किती येतो, किलो किती उतरले, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो कसे दिसतात, सगळं चघळून होतं. पण पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून आजचा कॉलम पाण्याचा.

किलो आणि किलोमीटर

आमच्या विदर्भात ही सर्जरी ऐकून माहीत झाली ती नितीन गडकरींमुळे. सप्टेंबर २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत ती करून घेतली. मी तेव्हा शाळेत होते. ‘पोट छोटं करून घेतलं म्हणे’ ही बातमी आमच्या अमरावतीच्या गल्लीत क्रिकेटच्या स्कोअरसारखी फिरली होती! पुढे २०२२ मध्ये उज्जैनच्या एका कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं, की आपलं वजन आधी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. आणि तिथल्या खासदारांना जाहीर ऑफर दिली, की तुम्ही जितके किलो उतरवाल, तितके हजार कोटी तुमच्या भागातल्या कामांना. असा डाएट प्लॅन कुणाला मिळतो सांगा!

एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात पुसदच्या सभेत ते स्टेजवर भोवळ येऊन कोसळले, तेही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उन्हामुळे अस्वस्थ वाटलं, असं त्यांनी नंतर कळवलं आणि थोड्या वेळानं भाषण पूर्णही केलं. या प्रसंगाचा १३ वर्षांपूर्वीच्या सर्जरीशी संबंध जोडायचं काहीच कारण नाही. आमचं ऊन धडधाकट माणसालाही आडवं करतं, एवढंच मला सांगायचंय. त्याच महिनाभरानं, २५ मे २०२४ च्या सुमारास, अकोल्यात उष्णतेमुळे चक्क कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे पुरवा, असे आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढावे लागले होते.

तर अशा या अकोल्यात माझी एक मैत्रीण सर्जरीनंतर आराम करायला आली. पुण्यात आयटीत नोकरी, वय माझ्याएवढंच, वजन ११८ किलो, जोडीला शुगर आणि झोपेत श्वास अडकायचा त्रास. मार्चअखेरीला नागपुरात सर्जरी केली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माहेरी येऊन दाखल झाली. आईच्या हाताखाली पटकन बरी होईन, हा तिचा फंडा. आईच्या हाताखाली म्हणजे आईच्या आग्रहाखालीही, हे तिच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत.

तीस मिलीचं गणित

तिच्या डिस्चार्ज कार्डासोबत एक छोटा प्लास्टिकचा कप आला होता, औषध मोजायचा असतो ना तसा. त्यावर ३० मिलीची खूण. सूचना एका ओळीची: जागेपणी दर पंधरा मिनिटांनी एक कप, घोट घोट करत.

हिशेब करून बघा. तासाला चार कप म्हणजे १२० मिली. बारा तासांचे १४४० मिली. म्हणजे जेमतेम दीड लिटर. सर्जरीनंतर दिवसाला निदान दीड लिटर द्रव पोटात जायला हवं, असं अमेरिकेतल्या बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या सूचनांतही आहे आणि आपल्याकडचे डॉक्टरही साधारण तोच आकडा देतात. उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे ही मंडळी दिवसभर पाणी पिण्याची नोकरीच करत असतात. आणि एक तास दांडी मारली तर नंतर ओव्हरटाइम करून भरून काढता येत नाही. कारण? जागाच नाही!

स्लीव्ह नावाच्या सर्जरीत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळीच्या आकाराची नळी. त्यात मावतं १०० ते १५० मिली, आणि सुरुवातीला सूज असते म्हणून तेवढंही नाही. बायपासमध्ये तर वरची पिशवी ३० मिलीच्या आसपास असते. एरवी आपल्या जठरात लिटरभर सहज जातं. आता त्या नळीत घटाघटा पाणी ओतलं तर काय होणार? छातीत दाटून येणार, दुखणार आणि पाणी आल्या वाटेनं परत जाणार.

दुसरी गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. आपण पाणी फक्त पीत नाही, खातोही. वरण, भाजी, काकडी, टरबूज यांतून दिवसाच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्सा गुपचूप येत असतो. सर्जरीनंतर खाणंच दोन-चार चमच्यांवर येतं, त्यामुळे ही छुपी कमाई बंद. वर मळमळ आणि तोंडाला विचित्र चव. काहींना साधं पाणीसुद्धा धातूसारखं लागतं. अशा वेळी तहान लागेल तेव्हा पिऊ, असं म्हणून चालत नाही. तहान हा अलार्म उशिरा वाजतो. म्हणून मोबाइलचा अलार्म.

मैत्रिणीच्या मोबाइलवर दर पंधरा मिनिटांनी टिंग वाजायचं. तिचे बाबा हसून म्हणाले, “अकोल्यात नळाले टाइमटेबल होतंच, आता पेण्यालेही टाइमटेबल आलं!”

चिमणीवानी पाणी

बाबांना गंमत वाटत होती, आईला मात्र ते बघवत नव्हतं. “काऊन वं पोरी, असं चिमणीवानी पाणी पेऊन राह्यली? एवढं ऊन आहे, घटाघटा पे ना!” हे दिवसातून दहा वेळा. मैत्रीण एकदा ऐकायची, दोनदा ऐकायची, तिसऱ्यांदा आईचं मन राखायला मोठा घोट घ्यायची. मग अर्धा तास छाती धरून बसायची. मग पुढचे दोन अलार्म चुकायचे.

त्यात घर माणसांनी भरलेलं. सर्जरी झाली म्हणून बघायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला ‘काय झालं, कसं झालं’ सांगायचं आणि बोलता बोलता पंधरा मिनिटांचा अर्धा तास, अर्ध्याचा तास. पाहुण्यांसमोर इवलासा कप घेऊन घुटके घ्यायचे म्हणजे सगळ्यांच्या नजरा कपावर. मग तिनं कप उशीच्या मागे ठेवायला सुरुवात केली. कुणी मुद्दाम काही वाईट केलं नाही. पण सर्जरीनंतरच्या सोळाव्या दिवशी तिचं दिवसभराचं पाणी अर्ध्या लिटरवर आलं होतं.

पुढचं सगळं पाठ्यपुस्तकाबरहुकूम. आधी डोकं दुखायला लागलं. मग उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. लघवी दिवसातून दोनदा आणि गडद पिवळी. मळमळ वाढली, मळमळ आहे म्हणून पाणी नको वाटायला लागलं आणि पाणी कमी म्हणून मळमळ आणखी वाढली. हे दुष्टचक्र एकदा फिरायला लागलं की स्वतःहून थांबत नाही. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे, ऑपरेशन झालंय, होणारच. शेजारच्या काकू प्रेमानं ग्लुकोजचं गोड सरबत घेऊन आल्या. तेवढ्या गोडानं मळमळ आणखीच वाढली. कुणीतरी डोकेदुखीसाठी अंगदुखीची गोळी पुढे केली.

गोळी घ्यायच्या आधी वहिनी मध्ये पडल्या. वहिनी अमरावतीच्या, शाळेत शिक्षिका. डिस्चार्ज कार्डावरचा कागद त्यांनी नीट वाचला होता. त्यात अशा पेनकिलर गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी तिथला नंबर फिरवला. पलीकडून चार प्रश्न आले: लघवी शेवटची कधी झाली, नाडी किती आहे, ताप आहे का, पोटात दुखतंय का? उत्तरं ऐकून सांगितलं, की जवळच्या हॉस्पिटलमध्ये आत्ता न्या, सलाइन लागेल. आणि तिथल्या डॉक्टरांना आमच्याशी बोलायला सांगा.

हा शेवटचा फोन फार महत्त्वाचा. सतत उलट्या होत असतील आणि खाणं नसेल, तर शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो. तशा अवस्थेत आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर परिणाम होऊन डोळ्यांच्या हालचाली, चालणं, स्मरणशक्ती यांचं कायमचं नुकसान होण्याचा धोका असतो. म्हणून आधी बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज. रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला समोरच्या पेशंटची सर्जरी झालीये हे कपाळावर लिहिलेलं दिसत नाही. ते सांगावं लागतं. वहिनींनी सांगितलं.

मैत्रीण दोन दिवस ॲडमिट होती. सलाइन गेलं, लघवीचा रंग निवळला, तपासण्यांत किडनी ठीक निघाली. सर्जरीनंतर पेशंट पुन्हा हॉस्पिटलात येण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे एक मोठं कारण आहे. टाके उत्तम, सर्जन उत्तम आणि माणूस परत येतो तो पाण्यासाठी!

घरात काय बदललं

त्यानंतर मी अमरावतीहून एसटीनं तिला भेटायला गेले, तर घराचा नक्शाच बदललेला. फ्रिजवर वहिनींनी एक चौकटींचा कागद लावला होता. एक कप झाला की एक खूण. खुणा करायचं काम पाच वर्षांच्या भाच्याकडे. तो इतका कडक सुपरवायझर, की विचारू नका. “आत्या, तुझा डबा रिकामा आहे!”

आईलाही नवं काम मिळालं. एक लिटरची बाटली भरून सकाळी टेबलावर ठेवायची, दुपारी किती उरली बघायची. आग्रह तोच, फक्त त्याचं माप ३० मिलीचं झालं. पाहुण्यांना संध्याकाळची एक तासाची वेळ दिली आणि अलार्म वाजला की गप्पांना ब्रेक. मला वाटतं, सगळ्यात जास्त फरक यानं पडला. मैत्रिणीला कप उशीमागे लपवायची गरज उरली नाही.

पाण्याचीही आमच्याकडे वेगळीच कथा. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात गेलात तर विहीर-बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, इतकं खारट. मळमळणाऱ्या माणसाला असं पाणी दिवसातून पन्नास वेळा पी म्हणणं म्हणजे शिक्षाच. तिथे आरओची कॅन ही चैन उरत नाही. आणि पाणी कमी, घाम जास्त हे समीकरण किडनी स्टोनलाही आमंत्रण देतं. बायपास झालेल्यांच्या लघवीत ऑक्झलेट वाढतं, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक. तेव्हा पहिला महिना संपला म्हणून पाण्याचा अलार्म बंद करायचा नसतो.

काय प्यायचं, काय टाळायचं

मैत्रिणीच्या डाएटिशियननं दिलेली यादी बघून मला तर आनंदच झाला, कारण अर्धी यादी आपल्या स्वयंपाकघरातलीच! पातळ गाळलेलं ताक, वरणाचं वरचं पाणी, मुगाचं किंवा भाज्यांचं गाळलेलं सूप, बिनसाखरेचं लिंबूपाणी चिमूटभर मीठ घालून, डॉक्टरांनी हो म्हटलं तर नारळपाणी. हे सगळं त्या दीड लिटरात मोजलं जातं. माठाचं की फ्रिजचं? ज्याला जे सोसेल ते. मैत्रिणीला माठाचं पाणी जड वाटायचं आणि बर्फाचा छोटा खडा चघळला की बरं वाटायचं. दुसऱ्या कुणाला उलटं.

सोडा आणि कोल्ड्रिंक मात्र बाद. त्यातला गॅस त्या छोट्या नळीत फुगतो. ऊसाचा रसही बाद. आणि वाचताना अमरावतीकरांना वाईट वाटेल, पण वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा ग्लासभर रससुद्धा सध्या नाही. इतकी साखर एकदम आतड्यात उतरली की धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा प्रकार होतो. याला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना हा त्रास जास्त. आणि जुलाब झाले की पुन्हा पाणी जाणारच. चहा-कॉफी सुरुवातीचे काही आठवडे बंद. दारू तर अजिबात नको, ती या पोटातून फार झपाट्यानं चढते.

आणि ओआरएस? इथे थोडा इतिहास. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून लोकांना प्यायला दिलं आणि छावणीतल्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्यात लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मीठ आणि ग्लुकोजचं नेमकं प्रमाण हेच त्यातलं खरं औषध. पण कित्येक वर्षं दुकानात त्याच नावानं गोड्ड सरबतांचे टेट्रापॅक विकले जात होते. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांना नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तेव्हा घ्यायचं तर मेडिकलमधून डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी, पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. आणि शुगर किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

ऑफिस, एसटी आणि पंगत

आता तुम्ही म्हणाल, घरात ठीक आहे, पण नोकरीचं काय? मैत्रीण जूनपासून घरूनच लॉगिन करायला लागली. तिचा पहिला प्रश्न होता, मीटिंगमध्ये दर पंधरा मिनिटांनी घोट घेताना कॅमेऱ्यात कसं दिसेल? मी म्हटलं, लोक मीटिंगमध्ये झोपा काढतात, तू पाणी पिते आहेस!

गंमत सोडा. सर्जरी झाल्याचं ऑफिसात सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. ‘शॉर्टकट मारला’ हा टोमणा अनेकांनी ऐकलेला असतो. पण टेबलावर खुणा केलेली बाटली ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि तुम्ही टीम लीड असाल तर शेजारी अशी बाटली दिसली म्हणून चौकशा करू नका. दोन तासांची मीटिंग मध्ये पाच मिनिटं थांबवा. सगळ्यांचंच भलं होईल.

मुलींचा आणखी एक प्रॉब्लेम. बाहेर पडायचं म्हटलं की आपण पाणी पिणंच बंद करतो. का, ते सांगायला नको. स्टँडवरचं स्वच्छतागृह बघितलं की तहान आपोआप मरते. फिल्डवर फिरणाऱ्या मुली तर सकाळी आठला पाणी पितात ते थेट संध्याकाळी. एरवीही हे वाईट, पण सर्जरीनंतर धोक्याचं. मैत्रिणीनं अकोला-अमरावती प्रवासासाठी मुद्दाम नियम केला: जायच्या आधी रस्त्यावरचा स्वच्छ पंप किंवा हॉटेल ठरवून ठेवायचं आणि तिथे थांबायचंच. पाणी कमी पिऊन प्रवास ‘सोपा’ करायचा नाही.

हा रस्ता म्हणजे तोच बरं का, ज्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत, न थांबता टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. रेकॉर्ड जाहीर केलं तेही गडकरींनीच! गाडीनं या दोन शहरांत साधारण दोन तास. मैत्रिणीच्या हिशेबात आठ कप.

मग आली लग्नसराई. पंगतीत घास आणि पाणी सोबत ही आपली सवय. सर्जरीनंतर मात्र जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर निदान अर्धा तास नाही. छोट्या पोटात पाणी गेलं तर अन्नाला जागा उरत नाही, आणि दिवसाचं ६० ग्रॅमच्या पुढचं प्रोटीन पुरं व्हायला हवं. उपासाचंही तसंच. हरतालिकेचा निर्जळी उपास असो की रमजानचा रोजा, पहिल्या वर्षी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कापून फ्रिजवर लावा

• लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद झाली तर त्याच दिवशी पाणी वाढवायला घ्या.

• सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिलं की चक्कर, पाणीसुद्धा पोटात टिकत नाही: वाट बघू नका, सर्जनना फोन करा.

• ताप, पोटात वाढतं दुखणं, नाडी १२० च्या वर: हे फक्त पाणी कमी झाल्याचं नसू शकतं. टाक्यांतून गळती असू शकते. थेट हॉस्पिटल.

• बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि शुगरच्या गोळ्या यांचा डोस सर्जरीनंतर बहुतेकदा बदलावा लागतो. स्वतः बंद करू नका, स्वतः चालूही ठेवू नका. विचारा.

• किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर दीड लिटरचा आकडा तुमच्यासाठी नाही. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील.

• दुसऱ्या गावात ॲडमिट व्हायची वेळ आली तर पहिलं वाक्य: ‘माझी बॅरिॲट्रिक सर्जरी झाली आहे.’ डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

शेवटचा मुद्दा आमच्यासारख्यांसाठी, जे नागपूर, पुणे, मुंबईला जाऊन सर्जरी करून घेतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रात्रीच्या गाडीनं वऱ्हाडात परततात. सर्जन तिकडे राहतात आणि पोट इकडे येतं! म्हणून निघण्याआधीच विचारून घ्या, की आमच्या गावात त्रास झाला तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, रात्री कोण उचलेल. आणि शक्य असेल तर तारीख नोव्हेंबर-डिसेंबरची मागून बघा. डॉक्टरांनी थांबायला हरकत नाही म्हटलं, तर पहिला महिना हिवाळ्यात गेलेला बरा.

मैत्रीण आता पुण्यात परत गेली आहे. ३० मिलीचा कप सुटला, आता एका वेळी पाऊण कप पाणी आरामात जातं, शुगरची गोळी बंद झाली. चौकटींचा कागद मात्र तिनं सोबत नेला. भाचा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर खुणा तपासतो.

आणि तुमच्या घरी पुढच्या उन्हाळ्यात असं कुणी आलं, तर पाणी द्याच. आपली रीत सोडायची नाही. फक्त ग्लास हातात देऊन समोर उभं राहू नका. तो शेजारी ठेवा, गप्पा मारा आणि अर्ध्या तासानं तो अर्धाच रिकामा दिसला तर मनाला लावून घेऊ नका.